घरच्यांची कडी

आमच्या समोरच्या सक्कातांच्या दाराला दोन कड्या आहेत. वरची जाड, ती परक्यांची. खालची बारीक, ती घरच्यांची. बारीक कडी वाजली की त्या घरच्या बायका डोकं न झाकता खुशाल दार उघडायच्या. मोरोक्कोतल्या आमच्या फेस शहराच्या जुन्या गल्ल्यांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

झुबैदाचं सगळं आयुष्य त्या दाराआड गेलं. लग्नाचं वय होतं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, आई गेली तर बापानं अंथरूण धरलं. धाकटा भाऊ थामी कासाब्लांकात पैसा करत होता. ईदला यायचा, मेंढीच्या मटणावर ताव मारायचा आणि बापाच्या खोलीत नाकाला रुमाल लावून घटकाभर बसायचा. मला तो कधीच आवडला नाही.

बाप गेला आणि थामी घर विकायला आला.

"ताई, तू फक्त सही कर. गच्चीवरची खोली मरेपर्यंत तुझीच. बोललोय मी घर घेणाऱ्यांशी."

"लिहून घे गं," मी तिला बाजूला घेऊन म्हटलं.

"वेडी का काय तू, रहमा? सख्ख्या भावाकडे कागद मागू? हमामात न्हायला येणाऱ्या बायका तोंडात शेण घालतील माझ्या!"

आमच्यात बहिणीनं कागद मागणं म्हणजे भावाला चोर म्हणणं. तिनं सही केली. घराचं हॉटेल झालं आणि वर्षाच्या आत खोली रिकामी करायचा निरोप आला. थामीनं फोन उचलणंच सोडलं. तिला हीच गल्ली हवी होती, म्हणून ती माझ्याकडे आली. माझ्या स्वयंपाकघरात ती समोरच्या दाराकडे पाठ करून बसते.

परवा दुपारी बारीक कडी वाजली. घाईघाईनं, लहानपणी वाजायची तशी.

"थामी!" झुबैदा पिठाच्या हातांनीच उठली. "मला न्यायला आला गं!"

मी अडवायच्या आत ती गल्लीत पोचली.

थामीच होता. अंगात सूट, मागे दोन पाहुणे, गाढवावर त्यांच्या बॅगा. बापजाद्यांचं घर मिरवायला त्याच हॉटेलात खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिला बघून तो गोरामोरा झाला.

"अगं ताई... येणारच होतो तुझ्याकडे. उद्या."

झुबैदानं हात झग्याला पुसले.

"ही घरच्यांची कडी आहे, थामी. वरची वाजव."

मला वाटलं, आता तरी मेल्याला लाज वाटेल. पाहुणे बघत होते. तो कसंनुसं हसला, हात वर केला आणि जाड कडी वाजवली.