ओकबुनचा भाजलेला अंगठा

कोरियातल्या मोकपोच्या बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यात ओकबुन मासे खारवते. ब्लॉगवर कृतीही लिहायची, पण इंटरनेटवर शोधणाऱ्याला ती कधी सापडायचीच नाही. तिची मैत्रीण मिरान म्हणाली, "ताई, लोक जे शोधतात तेच शब्द मथळ्यात घाल. स्वतःचे फोटो टाक. रोज लिही, आणि आधी मला दाखव." वर्षभर ओकबुनने निमूटपणे तिचं ऐकलं.

काल मीच शोधून पाहिलं. सगळ्यात वर त्या भवानी मिरानचा ब्लॉग! फोटोत ओकबुनचा भाजलेला अंगठा, खाली ओकबुनचीच वाक्यं, तारीख मात्र ओकबुनने टाकल्याच्या एक दिवस आधीची. ओकबुन नवव्या पानावर. तिच्या कृतीखाली कुणीतरी लिहिलं होतं, "मावशी, दुसऱ्याचं चोरताना लाज नाही वाटत?"

त्याला एकच लाईक होता. मिरानचा.