पिवळ्याधमक हळदीची पारख

"आजी, तुमच्या रक्तात लेड आहे," डॉक्टर म्हणाले. लेड म्हणजे शिसं.

"शिसपेन्सिलीतलं?" मी विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "घरात लहान मूल आहे?"

माझी नात मीरा चार वर्षांची. मी खाते तेच ती खाते.

मला पोटात कळा येत होत्या, जिना चढताना धाप लागत होती. मी सगळं वयावर ढकललं. तुम्ही ढकलू नका.

मीराच्या रक्तातही निघालं. माझ्याहून कमी, पण डॉक्टर म्हणाले, "मुलांच्या मेंदूला थोडंही वाईट. सोर्स शोधायला हवा." सोर्स म्हणजे ते येतंय कुठून, ते.

हेल्थ डिपार्टमेंटची नर्स घरी आली. खिडक्यांचा रंग, नळाचं पाणी, खेळणी, सगळं ठीक. मग तिने अमृताला बोलावलं. ही नागपूरची मुलगी इथे परदेशात युनिव्हर्सिटीत मातीतल्या शिशावर रिसर्च करते. हेअर ड्रायरसारखं, शिसं ओळखणारं यंत्र घेऊन आली.

"आजी, मिसळणाचा डबा दाखवता?"

हळदीवर यंत्र धरलं, आकडा बघितला आणि पोरीने पुन्हा धरलं.

ती हळद मी सांगलीहून आणलेली, साड्यांच्या घड्यांत दडवून. इथली फिकी ना! तरुणपणी तर मी रंगाची महाराणी. दुकानदाराला म्हणायची, "ही हळद आजारी दिसते हो." तो बिचारा आणखी पिवळीधमक काढायचा. बाईसाहेब खूश. तो रंग येतो कुठून, हे बाईसाहेबांनी कधी विचारलं नाही.

"लेड क्रोमेट," अमृता म्हणाली. "शिशाचा पिवळा रंग. चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी हळकुंडांना चोळतात."

मीराला रोज हळदीचं दूध मीच पाजायची. "यक, आजी, टू यलो!" ती ओरडायची. ते अजून कानात वाजतं. पिवळा स्वेटर दिसला तरी वाजतं.

आमची हळद बंद झाली. पण माझ्या बॅगेतली पाकिटं इथे आमच्या शॉमबर्ग गावातल्या निम्म्या मराठी घरांत गेली होती. नर्सने वाटलेली पत्रकं कोणी वाचेना. डॉक्टर, नर्स, अमृता माझ्या डायनिंग टेबलाशी डोकं धरून बसले. मी म्हटलं, "हळदीकुंकू करू. प्रत्येकीने आपली हळद आणायची."

झाडून सगळ्या आल्या. अमृताने डब्या तपासल्या, नर्सने मुलांच्या रक्ततपासण्या ठरवल्या, डॉक्टरांनी शंकांना उत्तरं दिली. घुटमळणाऱ्या बायकांना मी दटावलं, "मीच दिलीय ना? मीच सांगते, टाक!"

मग सांगलीला धाकट्या बहिणीला, सुमनला व्हिडिओ कॉल लावला. तिचीही नातवंडं तीच हळद खातात.

"ताई, आमटी पांढरी दिसेल गं!"

"दिसू दे."

मीराचं शिसं उतरतंय. या तिघांचे उपकार कसे फेडू? माझं मात्र हाडांत जाऊन बसलंय, तिथून वर्षानुवर्षं झिरपत राहणार म्हणे. त्याचं काही नाही. मला दिसतात ते कोपरापर्यंत पिवळे झालेले हात. माझ्यासारखीला आवडावं म्हणून हळकुंडं चोळणारे.

परवा सुमनने फिकी आमटी दाखवली. "दुकानदार म्हणाला, कमी रंगाची हळद मागणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"उद्या परत जा," मी म्हटलं. "चोळतं कोण ते विचार. अमृता तिथल्या डॉक्टरांशी बोललीय. चोळणाऱ्यांच्या पोरांचं रक्त तपासायचंय."