नाव फक्त पोट्टीले माहीत

आमच्या नागपूरच्या जरीपटक्यातल्या घरात परदेशी फोन लावता येणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मी. आज हे सांगतानाही माझी मान जरा ताठ होते, तर होऊ द्या. आता काय, कोणीही उठतं, मोबाईलवर बोट ठेवतं आणि मस्कतचा चेहरा बघतं. तेव्हा असं नव्हतं बाप्पा! तेव्हा सीताबर्डीला व्हेरायटी चौकाजवळच्या ठेल्यावरून परदेशी फोनचं कार्ड आणायचं, त्याच्यावरची चंदेरी पट्टी नखानं खरवडायची आणि मग खरी कसरत सुरू व्हायची. आधी फोनवरचं चांदणीचं बटण दाबायचं, नाहीतर आमचा म्हातारा फोन आकडे पुढे पाठवतच नसे. मग नागपूरचाच एक नंबर लावायचा. हा नंबर म्हणजे नुसतं दार. दार उघडलं की आतली बाई आधी इंग्रजीत स्वागत करायची, मग हिंदीत. तिचं बोलणं पुरं होऊ द्यायचं. मधेच घाई केली की ती रुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग कार्डावरचा लांबलचक आकडा, मग देशाचा, मग माणसाचा. कुठे एक बोट घसरलं की सगळं मुसळ केरात. माझा नवरा हमखास शेवटाजवळ येऊन घसरायचा आणि "तूच लाव बाप्पा" म्हणून फोन माझ्याकडे सरकवायचा.

पण एवढं केलं की फोन इतका स्वस्तात लागायचा, की पहिल्यांदा आम्हाला यात काहीतरी घोटाळाच वाटला होता. माझ्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत राहिला. मी त्यांना मामाजी म्हणायची, आमच्याकडे तसंच म्हणतात. मामाजी ट्रंककॉलच्या काळातले. परदेशचा फोन म्हणजे आगीसारखा धावणारा मीटर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. लेकीला फोन लागला की ते ओरडून विचारायचे, "बरं हाय ना? आमी बी बरे हो. ठेवतो!" आणि ठेवायचे. समोरची पोरगी 'बाबा' म्हणेपर्यंत इकडे फोन खाली. मी कितीदा सांगितलं, "मामाजी, हे कार्ड आहे, बोला आरामानं." ते म्हणायचे, "कार्ड कोनाच्या बापाचं हाय का?"

ही लेक म्हणजे माझी नणंद. मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स. नणंद-भावजयीचं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण आमचं जमायचं. जमायचं म्हणजे काय, तिच्याशी बोलले नाही तर माझा आठवडा सरत नसे. सासूबाई गेल्या तेव्हा ती धावत निघाली होती. सुट्टी मिळाली, तिकीट मिळालं, पण ती दारात उतरली तोवर सगळं आटोपलं होतं. लोक पांगलेसुद्धा होते. त्यानंतर कधीतरी फोनवर ती मला म्हणाली, "वहिनी, मी माह्याच घरी पाहुन्यासारखी आली." हे बोलताना ती रडली नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

म्हणून मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिनं पहिल्याच फोनवर बजावून ठेवलं, "आत्या मी हो. नाव मीच ठेवीन. या टायमाले मी पोचीनच." बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकते, कुर्रर्र करून कानात नाव सांगते आणि मागून बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. नाव तोवर गुपित. मी लाडीगोडी लावून विचारलं, रागावून विचारलं, सांगतेय कुठली! "कानातच सांगीन" म्हणाली.

आणि सुट्टी नामंजूर झाली. तिच्या वॉर्डातल्या दोघी आधीच आपापल्या गावी गेलेल्या, तिसरीला कोण सोडतो? तिनं हे फोनवर कसंबसं सांगितलं. मीच म्हटलं, "ताई, अशा हिरमुसून काहून राहिल्या? तुम्ही फोनवरून नाव ठेवा. बाळाच्या कानाला फोन लावते, कान तर कान!"

घरात यावरून केवढा कल्ला! माझी एक चुलत नणंद आहे, कामठी रोडला राहणारी. ती म्हणाली, "फोनवरून का बारसं होते? मी बी आत्याच हो ना." तिचं एक नाव तयारच होतं, वर्षभर ती ते घेऊन फिरत होती. मी सांगितलं, आत्या सख्खी आहे, जिवंत आहे, आणि तिच्याकडे फोन आहे. विषय खलास.

बाळंतपण माझं माहेरी झालं, नरखेडकडे, संत्र्याच्या बागांमध्ये. मुलगी झाली. आई म्हणत होती बारसंही इथंच कर. पण तो दाराचा नंबर नागपुरात लोकल. माहेरून लावायचा तर एसटीडी पडणार, आणि तिथली लाइन वारं सुटलं तरी खरखरायची. म्हणून सव्वा महिन्याची पोट्टी मांडीवर घेऊन मी जीप करून जरीपटक्याला आले. आई दारात उभी राहून म्हणाली, "फोनसाठी येवढी जाते, बाई बिघडली का काय?" बिघडलेच होते! मला त्या बारशाची इतकी हौस चढली होती, की माझ्या लग्नातही मी एवढी नाचले नसेन.

बारशाच्या दिवशी दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घुगऱ्यांचा वास, झेंडूच्या माळा, शेजारच्या सिंधी काकू, गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया. फोनची तार पाळण्यापर्यंत पुरेना, म्हणून आम्ही पाळणाच ओढत फोनपाशी आणला. ड्यूटीवर जायच्या आधी ताईला थोडा वेळ मोकळा होता, तेवढ्यात सगळं करायचं होतं. एकदा ती आत गेली की फोन कपाटात बंद. मी पदर खोचला, चांदणी दाबली, दार उघडलं, त्या बाईचं स्वागत दोन्ही भाषांत ऐकून घेतलं, आकडे घातले. खोलीत चिडीचूप. तिकडे रिंग वाजली आणि ताईचा आवाज आला, "वहिनी, मी तयार हो!"

"लागला!" मी अशी किंचाळले की पोट्टी दचकून रडायला लागली.

फोन तिच्या कानाला टेकवला आणि काय सांगू, ती रडायची थांबली. डोळे मोठ्ठे करून ऐकायला लागली. सव्वा महिन्याची पोर हो, पण अशी ऐकत होती की मस्कतहून तिलाच काम सांगितलंय. फोनमधून कुर्रर्रची बारीक गुणगुण आम्हालाही जाणवली. बायांना तेवढंच पुरे होतं. पाठ कोणाची आहे हे कोण पाहतो? पाळण्यावर वाकून बघणाऱ्या चुलत नणंदेच्या पाठीत धपाधप बुक्के पडले. "अवं मी नाही! मी नाही वं!" ती ओरडतेय, बाया हसताहेत, माझ्या डोळ्यांत पाणी. एवढ्या गोंधळात मामाजी उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि ठेवून दिला.

"झालं काम," ते म्हणाले. "वाटा घुगऱ्या."

सिंधी काकूंनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि विचारलं, "तो नाम क्या रखा?"

मी चुलत नणंदेकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिलं. पोट्टी मजेत मूठ चोखत होती.

अहो, नाव कानात सांगितलं होतं! फोनला कान एकच पुरतो, आणि तो आम्ही तिला दिला होता. आत्या समोर असली की कानात सांगून मग मोठ्यानं सांगते, तेव्हा बारसं होतं. ते मोठ्यानं सांगायचं राहिलं होतं, कारण मध्ये मामाजींचा मीटर आडवा आला. माझं टाळकंच सरकलं. सून आहे, सव्वा महिन्याची बाळंतीण आहे, सगळं विसरून मी म्हटलं, "मामाजी! काहून ठेवला फोन? नाव कोणाले माहीत आहे आता?"

"पोट्टीले माहीत हाय," मामाजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

मी पुन्हा लावायला बसले. एकदा दारच उघडेना, सगळ्या लाइनी व्यस्त. मग उघडलं, तर तिकडे रिंग वाजून वाजून बंद. ताई ड्यूटीवर गेली होती. मागे कुजबुज वाढत चालली. नाव न घेता घुगऱ्या खाऊन घरी कसं जायचं? कोणी म्हणालं, हे तर मुकं बारसं झालं. चुलत नणंद पाठ चोळत उठली. म्हणाली, "बुक्के मी खाल्ले, तर नाव बी मीच ठेवतो. मुहूर्त चुकून राहिला." आणि पाळण्यावर वाकलीसुद्धा!

मी आडवी आले. "खबरदार! नाव ठेवलं गेलं आहे. आपल्याले ठाऊक नाही, एवढंच. तिच्या कानावर दुसरं नाव पडलं तर माझ्याइतकी वाईट कोणी नाही." आज वाटतं, बारशाच्या दिवशी असं बोलायला नको होतं. पण मला नुसती ताई दिसत होती. एकदा घरी पोचली तर सगळं आटोपलेलं, आणि आता दुसऱ्यांदा पोचली तर तिचं ठेवलेलं नाव कोणी पुसून टाकावं? नाही म्हणजे नाही. बाया घुगऱ्यांचे पुडे घेऊन हसत हसत गेल्या. चुलत नणंद न हसता गेली.

मग मी, मामाजी आणि ती पोट्टी. नवरा खुर्च्या परत करायला गेला होता. मी दुपारभर थोड्या थोड्या वेळानं लावत राहिले. मामाजी पाळण्याची दोरी ओढत बसले होते.  माझा राग गेला नव्हता.

दिवेलागणीला ताईला चहाची सुट्टी झाली असावी, तिकडून फोन उचलला.

"बोला वहिनी," ताई म्हणाली. आवाज असा कोरडा, की मला वाटलं दुसऱ्याच कोणाला लागला.

"ताई, अहो नाव काय ठेवलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! कोणालेच ऐकू नाही आलं! पोट्टीच्या कानात गेलं आणि तिथंच राहिलं! मामाजींनी मीटरच्या भ्यावानं फोन ठेवून दिला, बाया नाव विचारून राहिल्या, मी दुपारपासून तुम्हाले फोन लावून राहिली!"

तिकडून एकदम हसल्याचा आवाज आला आणि त्यातच ती रडायला लागली. "वहिनी, मले वाटलं बाबानं नाव आयकलं आन् फोन आपटला. दुपारपासून मी हेच धरून बसली होती. म्हटलं, आता घराचं नावच घ्यायचं नाही."

"अहो पण ठेवलं काय?"

तिनं सांगितलं. मी खालीच बसले. तिनं आपल्या आईचं नाव ठेवलं होतं.

ते नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. सून म्हणून मी घ्यायची नाही, आणि मामाजींनी तर जन्मात घेतलं नव्हतं. जुनी रीत, नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही. ते सासूबाईंना "आयकलं का वं" म्हणून हाक मारायचे, आणि त्या गेल्यावर "तुमची माय" म्हणायचे. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही ते माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले होते. आणि आता ते नाव पाळण्यात होतं, रोज दहा वेळा हाक मारायला!

"बाबाले विचारा," ताई म्हणत होती. "चालते का ते. त्याहीले जड जात असन तर दुसरं ठेवा वहिनी. मी काही नाही म्हननार."

मी फोनवर हात ठेवला. "मामाजी, ताईंनी सासूबाईंचं नाव ठेवलं. चालते का विचारून राहिल्या."

पाळण्याची दोरी थांबली. मामाजी उठले, माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही. तसाच छातीशी धरून ते पाळण्याकडे वळले. दोनदा नुसता घसा खाकरला. मग त्यांनी ते नाव मोठ्यानं घेतलं, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी तसं.

पोट्टीनं मान वळवली. मला हुंदका आवरेना. मामाजींनी आता फोन कानाला लावला, आणि खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"बाबा, अजून एकदा म्हना ना."

मामाजींनी म्हटलं.