तांबटांचं मूळ गाव

आमच्या तांबटांच्या आळीत किस्से साठायला वेळ लागत नाही. दिवसभर हातोड्यांचा आवाज, त्यात कुणाचं बोलणं धड पुरतं ऐकू येत नाही. राहिलेलं ज्याने त्याने आपल्या मनाने भरायचं आणि संध्याकाळी हातोडे थांबले की ओट्यावर बसून दुसऱ्याला ऐकवायचं. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलेत ते भाऊकाकांचे.

भाऊकाका म्हणजे माझे थोरले चुलते. जुन्या नाशकात आमचा तांब्याच्या भांड्यांचा छोटा कारखाना होता आणि मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. सत्तर साल उलटल्यावर कधीतरी त्यांनी एकच ध्यास घेतला, आपलं मूळ गाव शोधायचं. त्या गावात आपली कुलदेवी असणार आणि तिला आपल्या हातचा कलश वाहायचा. कलश त्यांनी घडवून फडताळात ठेवलाही होता. फक्त देवी कुठे आहे तेवढं ठाऊक नव्हतं!

निफाडकर, सटाणकर यांचं बरं असतं. आडनावातच एसटीची पाटी लावलेली. आम्ही नुसते तांबट. काय करतो ते आडनाव सांगतं, कुठून आलो त्याचा पत्ता नाही. रघोजी सुभानजी नावाचे आमचे खापरपणजोबा कुठूनतरी नाशकात आले, एवढंच घरात माहीत होतं.

*

एका लग्नात सुरतेला स्थायिक झालेल्या काकांच्या चुलतभावाने भर पंगतीत जाहीर केलं, "भाऊ, आपण मूळचे गुजरातचे. पुरावा पाहिजे? आपल्या घरातली डाळ पिढ्यान्‌पिढ्या गोड."

भाऊकाकांचा घास हातातच राहिला. सुरतेच्या गाड्या कधी असतात, ते त्यांनी तिथेच विचारायला सुरुवात केली.

समोरच्या पंगतीतून दोघांची म्हातारी आत्या म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांना पित्त व्हायचं म्हणून डाळ गोड. त्याच्याआधी जेवताना नाक गळायचं सगळ्यांचं!"

काकांनी घास तोंडात घातला आणि ताक मागितलं.

*

मग कुणीतरी त्र्यंबकेश्वर सुचवलं. तिथल्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात, कोण कधी आलं, कुठलं, सगळं लिहिलेलं. मी आणि काका सकाळच्या एसटीने गेलो. गुरुजींनी अर्धा दिवस फडकी सोडली, बांधली, आणि शेवटी बोट ठेवून वाचलं, "रघोजी सुभानजी तांबट, हल्ली वस्ती नाशिक."

काकांनी चष्मा काढून पुसला. "पुढे?"

"मूळचे बाहेरगावचे."

"एवढंच?"

"यजमान जे सांगतात ते आम्ही लिहितो," गुरुजी म्हणाले. "रघोजींनाच सांगायचं नसेल." त्यांनी लगेच नवं पान काढलं. "आता तुमचं लिहून घेऊ. नाव झालं, वस्ती झाली. मूळ गाव?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लिहा, शोध चालू आहे."

गुरुजींनी खरंच लिहिलं. आमच्या नावापुढे ते अजून तसंच असेल.

*

देवळा गावाकडच्या एका खेड्यात तांबटाचं जुनं घर आहे, असं एका कांदेवाल्याकडून कळलं. काकांनी कलश नव्या पंच्यात गुंडाळला. "आधी चौकशी तरी करून येऊ," असं मी म्हटलं. "देवी सापडली आणि हात रिकामे, असं नको," ते म्हणाले.

दोन गाड्या बदलून पोचलो. ओट्यावर एक म्हातारा बसला होता. काकांनी नमस्कार करून विचारलं.

"आठे तांबट कोनी नही," तो म्हणाला. "एक व्हता, तो नासिकले गया."

काकांनी माझा दंड धरला. त्या बोटांची पकड मला अजून आठवते. मीच विचारलं, "कधी गेले, बाबा?"

"औंदाच. कारखानामा लागना."

येताना कलश माझ्या मांडीवर होता आणि काका खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी आळीत रंगवून रंगवून सांगितला, म्हाताऱ्याच्या आवाजाची नक्कल करून. लोक पोट धरून हसले. काका समोरच होते, तेही हसले. आज वाटतं, निदान त्यांच्या देखत सांगायला नको होता. पण तेव्हा तोंडाला आवर नव्हता माझ्या.

*

वसंता हा काकांचा एकुलता एक मुलगा. त्याने हातोडा कधी धरला नाही. सातपूरला कंपनीत लागला, आणि चांगलं केलं, असं काकाच सगळ्यांना सांगायचे.

त्याच्या लग्नात आहेर आला तो सगळा स्टीलचा. डबे स्टीलचे, ताटं स्टीलची, पिंपसुद्धा स्टीलचं. शेजारच्या काकू जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "तांबटाच्या घरी तांबं काय आणायचं, म्हणून हे आणलं हो भाऊ."

"बरं केलंत," काका म्हणाले. "आमच्याकडे हेच नव्हतं."

त्यानंतर दुकानात नवं भांडं घ्यायला माणूस दिसेनासा झाला. तांबं यायचं ते मोडीतच. आजीचं घंगाळ द्यायचं आणि स्टीलची बादली न्यायची, अशी लाटच आली होती. आम्ही घडवणारे तांबट, आता मोडायला बसलो.

*

मोड घ्यायची आमची एक रीत होती. भांडं भट्टीला पाठवण्याआधी चेपायचं, म्हणजे पोत्यात मावतं. आणि चेपण्याआधी त्याच्यावर घातलेलं नाव ठोकून सपाट करायचं. कुणाच्याही वाडवडिलांचं नाव विस्तवात जाऊ द्यायचं नाही, ही भाऊकाकांची शिस्त. आणखी एक म्हणजे, नाव वाचायचं नाही. "वाचत बसलास की हात अडतो," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इतक्या वर्षांत मी एकही नाव वाचलं नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. रज्जाकभाई गावोगाव फिरून मोड गोळा करायचा. त्याने एका सकाळी तीन पोती आणून टाकली. त्यात एक जुनं, जड घंगाळ होतं. काठाखाली दोन ओळी कोरलेल्या. मी ते ऐरणीवर आडवं धरलं आणि खालच्या ओळीच्या शेवटाकडून ठोकायला घेतलं. ती ओळ संपत आली, तेवढ्यात चहा आला. हातोडा ठेवून मी कप घेतला.

काका देवळातून आले. घंगाळाकडे त्यांचं लक्ष गेलं ते त्याच्या कड्यांमुळे. "अशा कड्या आपल्याच घरात बसवायचे," म्हणत ते खाली बसले. चिंच मागवली, वरच्या ओळीवर चोळली, पाण्याने धुतली. अक्षरं लाल होऊन वर आली.

"रघोजी सुभानजी तांबट," काकांनी मोठ्याने वाचलं.

काका खालच्या ओळीला चिंच चोळत होते. तिथे "मौजे" एवढी दोनच अक्षरं राहिली होती. त्याच्यापुढे, गावाचं नाव असतं तिथे, तांबं लख्ख आणि गुळगुळीत.

"रज्जाकभाई, हे कुठलं?" मी ओरडलोच.

तो बिचारा घाबरला. "पंधरा गावं फिरलो, भाऊ. कळवण केलं, सटाणा केलं, पार सुरगाण्यापर्यंत गेलो. सगळं एकाच पोत्यात. कुठल्या दारचं, ते आता कसं सांगू?"

चहा पाच मिनिटं आधी आला असता तर? मी वरच्या ओळीपासून सुरुवात केली असती तर? एकदाच, फक्त त्या एकाच भांड्यावरचं वाचलं असतं तर?

काकांनी घंगाळ उजेडाकडे धरलं. तिरकं केलं, पालथं केलं, आत हात घालून मागची बाजू चाचपली. मग "मौजे"च्या पुढे अंगठा ठेवला आणि सावकाश ओळीच्या शेवटापर्यंत नेला. परत मागे आणला. पुन्हा नेला. कुठे खाच नाही, कंगोरा नाही.

मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हात बसला हो तुझा," भाऊकाका म्हणाले.