वसंतकाकांचा मतदारसंघ

वसंतकाका ज्या मतदारसंघात पडले, तो आता नकाशावर नाही. आज सकाळपासून काकाही नाहीत.

इथे टेक्ससमध्ये, प्लेनोतल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये प्रत्येकाने काकांच्या निवडणुकीची गोष्ट एखाद्या पॉटलकच्या जेवणाला ऐकली असेलच. ज्यांची सुटली, त्यांच्यासाठी थोडक्यात.

अमेरिकेत येण्याआधी काका इंग्लंडमध्ये इंजिनिअर होते. तिथे एकमेकांचं तोंडही न पाहणारी दोन गावं जोडून पार्लमेंटसाठी एक नवा मतदारसंघ केला होता. कॉमनवेल्थमुळे इंडियन पासपोर्टवरही तिथे निवडणूक लढवता येते हे कळल्यावर काका अपक्ष उभे राहिले.

सपाटून पडले.

थोड्याच वर्षांत सीमा पुन्हा आखल्या. दोन्ही गावं शेजारच्या मतदारसंघांना वाटून टाकली. खेळ खलास.

"बट बाबा, यू लॉस्ट!" नीना, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी, दर वेळी म्हणायची.

"अगं, जो जिंकला त्याला तरी मतदारसंघ कुठे राखता आला?"

प्लेनोत सगळ्यांनी सिटिझनशिप घेतली. काकूंनीसुद्धा. काका ग्रीन कार्डवरच.

"ज्या पासपोर्टवर पार्लमेंटला उभा राहिलो, तो सोडू?"

त्या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. त्यामुळे या देशात त्यांनी कधीच मत दिलं नाही. हट्टी माणूस.

मग नीनाने सिटी कौन्सिलला उभं राहायचं ठरवलं.

काकांनी घरात कुणालाही न सांगता सिटिझनशिपचा अर्ज केला. इंटरव्ह्यूला मीच ड्राइव्ह करून नेलं, शेजारीण म्हणून. शपथ झाली. मतदार म्हणून नाव लागलं.

इंडियन पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला, त्या दिवशी काका जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, ॲसिडिटी.

नंतर आजारपण. मुख्य दिवसाच्या आधीच मत देता येतं, त्या अर्ली व्होटिंगला गेलो तेव्हा त्यांना गाडीतून उतरता येईना. मतदान केंद्रावरच्या बाईंनी मशीन गाडीपाशी आणलं. मी तोंड फिरवून बसले.

"काका, कुणाला दिलंत?"

"गुप्त असतं ते. तू गाडी चालव."

शनिवारी निकाल लागला. नीना हरली.

ती तडक घरी आली आणि त्यांच्या पलंगापाशी बसली. काकू आणि मी तिथेच होतो.

"बाबा, आय लॉस्ट."

काकांनी विचारलं,

"माझं मत धरून?"

"येस बाबा. इन्क्लुडिंग युअर्स."

"मग ठीक आहे. जेवलीस का?"

ती नाही म्हणाली. काकूंनी ताट वाढून आणलं. नीना तिथेच, पलंगाला टेकून, रडत रडत जेवली. काका तिचं जेवण होईपर्यंत जागे राहिले.

मला त्यांची फार सवय झाली होती. आज काही सुचत नाहीये.

वसंतकाका, मनापासून नमस्कार. या आता.