छातीत उतरलेली गाठ

वहिनी गेली. भाच्याचा फोन आला तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले आणि खाटेवर बसून राहिले. या वयात रडायलाही अंगात त्राण लागतं... एकेकाच्या जाण्याचे निरोप ऐकून थकले मी. आता महिना होत आला, पण या बाईबद्दल लिहिल्याशिवाय डोक्यातलं जायचं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. कुंभार पिंपळगावात आमचं घर. बाहेर निजामाचं राज्य, घरात आमच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं. थोरल्या दिरापुढं भावजयीनं तोंड उघडायचं नाही, अशी रीत. अण्णा ओसरीवर आले की वहिनी पदर ओढून चिडीचूप. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या माघारी मात्र हिची टकळी थांबायची नाही!

मग तिच्या गळ्याशी गाठ आली. वरून लिंबाएवढी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वैद्याचे लेप झाले, ताईत झाले. पण आडवं झालं की तिला दम लागे. बिचारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. वलणीवर धुणं टाकायला दोन्ही हात वर केले की तोंड काळंनिळं पडायचं. शेजारणी म्हणायच्या, बाई रागीट दिसते. डोंबलाची रागीट! शेवटी मी अण्णांच्या मागं भुणभुण लावली, आणि परतूरपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे, असं करत अण्णांसकट आम्ही चौघं जालन्याच्या दवाखान्यात पोचलो.

डॉक्टर हैदराबादकडचे, मराठी जेमतेम. त्यांनी तिला हात वर करायला लावले, तोंडाचा रंग बघितला आणि सांगितलं, गळ्यात दिसते ती थोडी, बाकीची गाठ छातीच्या हाडामागं उतरलीय, श्वासनळी दाबून बसलीय. काढली नाही तर बाई गुदमरून जाईल. पण आवाजाची नस गाठीच्या अगदी लगत. तिला धक्का लागला तर आवाज जाईल. म्हणून भूल फक्त गळ्यापुरती. ती बोलत राहिली की नस शाबूत आहे, एवढं त्यांना कळणार होतं. "बात करते रहो बाई, चुप नक्को होना," त्यांनी बजावलं.

माझा भाऊ रक्ताच्या नावानंच बाहेर जाऊन बसला. मी उशाशी, तिचा हात धरून. वहिनी बोलत होती... गाईच्या लाथा, येसराचं तिखट, काय काय. डॉक्टरांची बोटं हाडामागं गेली, गाठ वर येऊ लागली, आणि वहिनी एकदम गप्प झाली. डॉक्टरांचा हात थांबला. "बाई? बोलो!" आवाज नाही. त्यांच्या कपाळावर घाम. बघते तर वहिनीचे डोळे दाराकडं. दारात अण्णा! घरची बाई परक्या पुरुषांत एकटी नको, म्हणून येऊन उभे राहिलेले.

"अण्णा, तुमच्यामुळं बोलून न्हाई राह्यली ती!" मी ओरडले. "मारता का काय तिला?"

अण्णा पांढरेफटक पडले. भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "बोल माय, बोल. माझी आण हाय तुला."

मग वहिनी म्हणाली, "माझी माय मरायला टेकल्ती, तवा मला माहेरी का न्हाई धाडलं?"

"बराबर, और बोलो," डॉक्टर म्हणाले.

ती बोलतच राहिली. पेरणी हाय म्हणलात, गाडी न्हाई जुंपली, मायचं तोंड न्हाई दिसलं... अण्णा पाठ फिरवून सगळं ऐकत होते. गाठ निघाली, चांगली मुठीएवढी. बाहेर आल्यावर अण्णा मला एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

आवाज राहिला, जरा घोगरा. बऱ्या झालेल्या वहिनीला मी पहिल्यांदा उताणं झोपलेलं पाहिलं आणि तिथंच रडले. त्यानंतर घरची रीतच पालटली. अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरायचे, आणि आतून ती मोठ्यानं म्हणायची, "या, अण्णा." तसं ऐकल्याशिवाय ते आत पाऊल टाकायचे नाहीत. गावानं नावं ठेवली. ठेवू दे मेल्यांना.

परवा पिंपळगावच्या घरी गेले होते. अण्णा आता नव्वदीला टेकलेत. काठी टेकत दाराशी आले, खाकरले आणि थांबले. सुना कामात होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. ते पुन्हा खाकरले...

"या, अण्णा," मीच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आत काही आले नाहीत.