अधिक दोन लाख

बॉनेट उघडलं आणि माझं लक्ष इंजिनाकडं गेलंच नाही. आतल्या पत्र्यावर डाव्या कोपऱ्यात मी माझ्या हातानं पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ओळ लिहिली होती. ती ओळ आता नव्हती. कुणीतरी थिनर लावून घासली होती. आजूबाजूला बारा वर्षांची धूळ आणि मधेच वीतभर चकचकीत पत्रा.

समोर गायकवाड सिस्टर उभ्या होत्या. गाडी त्यांना घ्यायची होती. त्यांच्या शेजारी बाळू एजंट होता, जुन्या गाड्यांचे सौदे जमवणारा. तो माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होता. मी दारातून आत डोकावलो आणि चावी फिरवली. मीटरवर एक्याऐंशी हजार किलोमीटर. दोनच दिवसांपूर्वी तिथं दोन लाख एक्याऐंशी हजार होते.

बाळूनं फक्त पुढचा दोन काढला होता.

"मामा, बघितली का नीट? घेऊ ना?" सिस्टरनी विचारलं.

मी बॉनेट खाली घेतलं. "घ्या," म्हणालो. "गाडी चांगली हाय."

गाडी खरोखरच चांगली होती. म्हणूनच तर घोटाळा झाला.

गंगाखेडला परभणी रोडवर माझं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली. गुडघे गेले, पाठ गेली, डाव्या कानाला नीट ऐकू येत नाही, तरी माणसं उजव्या कानाजवळ येऊन विचारतातच, "मिस्त्री, जुनी गाडी घ्यायलोय, जरा बघता का?" हे काम मला मनापासून नकोसं वाटतं. गाडी चांगली निघाली तर घेणाऱ्याची नजर चांगली. वाईट निघाली तर मिस्त्रीनं एजंटाकडून खाल्लं. पण सिस्टरना नाही म्हणता आलं नाही.

त्या स्टाफ नर्स. घर परभणीत आणि बदली झाली राणीसावरगावच्या बाजूला. एका बाजूचे पासष्ट किलोमीटर. आमच्याकडं याला अप-डाऊन म्हणतात. निम्मा नोकरदार जिल्हा अप-डाऊन करतो. सकाळी परभणीहून एसटी, गंगाखेडला उतरून दुसरी गाडी, संध्याकाळी पुन्हा तेच उलटं. दुसऱ्या कुणी ते कसंही निभावलं असतं. सिस्टरच्या घरी त्यांचे वडील होते, पॅरालिसिसनं उजवी बाजू गेलेली. आई नाही. लग्न केलेलं नाही. दिवसभर एक मावशी वडिलांजवळ थांबायच्या, पण सहा वाजले की त्यांना स्वतःच्या घरी जावंच लागायचं. एसटीनं सिस्टर कधी साडेसातला पोचायच्या, कधी आठला.

"मामा, सहाच्या आत घरी पोचवंल अशी गाडी पायजे," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "बाकी रंग कसला बी असू द्या. न्हाई जमलं तर राजीनामा लिहून पर्समधी ठेवलाय."

त्यांनी पर्स उघडून कागद दाखवलासुद्धा. घडीवर घडी घातलेला, कडा मळलेल्या.

बाळूनं पहिली गाडी आणली ती डॉक्टरची. या धंद्यात प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरची असते. एवढे डॉक्टर जिल्ह्यात असते तर आम्ही आजारी कशाला पडलो असतो. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार होते. मी सिस्टरना खाली वाकायला लावलं आणि क्लचचं पेडल दाखवलं. रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं.

"एवढ्या रनिंगला पेडल असं झिजत न्हाई," मी म्हणालो. "लॅपटॉप लावून मीटर मागं घेतलंय. आकड्यावर जाऊ नका. आकडा खोटं बोलतो, पेडल न्हाई बोलत."

सिस्टरनी मान हलवली. बाळू म्हणाला, "आमाला बी असंच मिळालंय, मिस्त्री." ती गाडी परत गेली. हा सगळा उपदेश मी स्वतःच्या तोंडानं केला होता, हे लक्षात ठेवा.

दुसरी गाडी आली तेव्हा मी लांबूनच आवाज ओळखला. रत्नाकर सरांची डिझेल गाडी. सर गंगाखेडचे, नोकरी परभणीत. बारा वर्षं रोजचं अप-डाऊन. आता निवृत्त होऊन मुलाकडं निघाले होते. मीटरवर दोन लाख एक्याऐंशी हजार. ऐकणारा घाबरतो, पण गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालली ते महत्त्वाचं. सकाळी एकदा तापली की चाळीस किलोमीटर एका चालीनं जाणारी गाडी कमी झिजते. बाजारात दहा वेळा चालू-बंद होणारी जास्त झिजते. सर ऑइल वेळेवर बदलायचे, आणि तिचं सगळं काम माझ्याच हातचं होतं. इतका विश्वास मला दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नव्हता.

मी सिस्टरना फोन करून सांगितलं की एक गाडी आहे, दोन दिवसांनी या. आकडा मात्र फोनवर सांगितला नाही, समोरासमोर समजावून सांगू असं ठरवलं. त्या म्हणाल्या, "दादाला विचारते." दादा म्हणजे पुण्यातला भाऊ. वडिलांना बघायला वर्षातून एकदा यायचा, पण सल्ला रोज द्यायचा. थोड्या वेळानं सिस्टरचा बाळूला फोन. दादानं एकच प्रश्न विचारला होता, रनिंग किती. लाखाच्या वर असेल तर हातही लावू नकोस, असं बजावलं होतं.

बाळू माझ्याकडं आला. स्टुलावर बसला.

"मिस्त्री, गाडी एक नंबर हाय का न्हाई?"

"हाय."

"सिस्टरला कामाची हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग पुढचा एक दोन काढला तर कुणाचं नुसकान हाय?"

मी पाना खाली ठेवला. म्हणायला पाहिजे होतं की माझ्या गॅरेजात हे चालणार नाही. मी म्हणालो, "मला काही सांगू नको."

तीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो वेळा वापरलं असेल. एजंटांना, ड्रायव्हरांना, इन्शुरन्सवाल्यांना. त्याचा अर्थ आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतो. त्याचा अर्थ होतो, कर.

आता त्या पुसलेल्या ओळीचं सांगतो. त्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. दात असलेला रबरी पट्टा. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि वरचे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. दोघांनी एकमेकांना न धडकता काम करायचं असतं, तो ताल हा पट्टा सांभाळतो. त्या गाडीला तो दर लाख किलोमीटरला बदलावा लागतो. बाहेरून आवाज येत नाही, दिवा लागत नाही. वेळेवर नाही बदलला तर एक दिवस तुटतो आणि इंजिन आतल्या आत स्वतःलाच मारून घेतं. म्हणून आम्ही बेल्ट बदलला की बॉनेटच्या आत लिहून ठेवतो. सरांच्या गाडीत लिहिलं होतं, 'बेल्ट १,९०,००० ला बदलला, पुढचा २,९०,०००.'

ही ओळ राहिली असती तर मीटरचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून बाळूनं घासली.

म्हणजे बेल्टला नऊ हजार किलोमीटर उरले होते. सिस्टरच्या हिशेबानं तीन महिने. मला हे त्याच क्षणी, बॉनेट उघडं असतानाच कळलं होतं. पण सांगायचं कसं? एक्याऐंशी हजारांच्या गाडीचा बेल्ट नव्वदला का बदलायचा, हे विचारलं तर? मी मनाची समजूत घातली. सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडंच येणार. गुपचूप बदलून टाकू.

गाडी आली नाही. रोज सकाळी पावणेआठला सिस्टर दारावरून जायच्या तेव्हा मी शटर उघडत असायचो. त्या हॉर्न वाजवायच्या, काचेतून हात करायच्या, "जय भीम मामा!" संध्याकाळी पाचच्या सुमाराला परत. तेव्हाही नुसता हॉर्न, कारण सहाची घाई. एकदा हात करून थांबवलं.

"सर्व्हिसिंगला कवा टाकता?"

"केली की मामा, रविवारी परभणीतच. तुमच्याकडं थांबायला टाइमच गावत न्हाई. लय मस्त चालायलीय गाडी! रोज पावणेसहाला घरी."

"बेल्टचं काय म्हणाले ते?"

"म्हणाले लाखाला बदलू. अजून टाइम हाय."

त्या मिस्त्रीनं मीटर बघून बरोबरच सांगितलं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा, त्यांचा हात स्टिअरिंगवर, मागून ट्रक हॉर्न देतोय. "एकदा येऊन जा," एवढंच म्हणालो. त्या "हो हो" म्हणून गेल्या. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटूनही मी काही केलं नाही.

पुढं दीड-दोन महिन्यांनी, संध्याकाळी सव्वाचारला फोन आला. "मामा, गाडी चालता चालता बंद पडली. स्टार्टर फिरतंय पण काहीच न्हाई." राणीसावरगावच्या अलीकडच्या चढावर. मीटर किती, मी विचारलं. शहाण्णव हजार. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

पिकअप घेऊन मी पोचलो तेव्हा सिस्टर रस्त्यावर उभ्या राहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होत्या. एक जीप थांबली. त्या चढल्या. गाडीची चावी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मावशीला फोन केलाय. सातपर्यंत थांबते म्हणल्यात."

त्या घरी पोचल्या साडेसातला. मावशी सातला गेल्या होत्या, त्यांचंही लेकरू घरी तापानं फणफणलेलं. त्या अर्ध्या तासात गल्लीत कुणाची तरी गाडी वाजली. वडिलांना वाटलं, पोरगी आली. ते एका हातानं खाटेचा कठडा धरून उठायला गेले. सिस्टर आत शिरल्या तेव्हा ते फरशीवर होते. कपाळाला खोक, तीन टाके पडले. पोरीला बघून त्यांनी तुटक शब्दांत विचारलं, "गाडी बिघडली का गं?"

हे सगळं मला दोन दिवसांनी कळलं. सिस्टर गॅरेजात आल्या तेव्हा मी इंजिनाचं हेड खोलून ठेवलं होतं. वाकलेले व्हॉल्व्ह पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडले होते. त्यांनी एक उचलून बघितला.

"पण मामा, ते मिस्त्री तर म्हणाले, लाखापर्यंत चिंता न्हाई. त्यांचंच चुकलं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! तो परभणीचा, मी इथला, आमची कधी भेटही झाली नसती. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. मग त्यांच्या हातातल्या व्हॉल्व्हकडं बघितलं आणि खाली बसलो.

"त्याचं न्हाई चुकलं, ताई. गाडी शहाण्णव हजार न्हाई चालली. दोन लाख शहाण्णव चालली."

त्यांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून बघितला.

"तुमाला कवा कळलं?"

"बॉनेट उघडलं तवाच."

"मी तिथंच उभी होते ना?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. व्हॉल्व्ह त्यांनी जागच्या जागी ठेवला, हात रुमालाला पुसले.

"मला दोन लाख चाललं असतं, मामा," त्या म्हणाल्या. "दादाला मी सांगितलं असतं. मी मीटर बघून गाडी न्हाई घेतली. तुमच्याकडं बघून घेतली."

मी व्हॉल्व्हचा ट्रे उचलून आत नेला.

इंजिन मी पदरचं घालून बांधलं. अकरा दिवस लागले. तेवढे दिवस सिस्टरनी रजा टाकली. बाळूला जाब विचारला तर तो म्हणाला, "मी काय बेल्ट तोडला का? आन् तुमाला विचारूनच केलं होतं की." यातलं दुसरं वाक्य खोटं आहे असं मला म्हणता येईना.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. सिस्टर पुन्हा पावणेआठला दारावरून जायला लागल्या. सर्व्हिसिंग आता माझ्याकडंच. मलाच नवल वाटलं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खरा आकडा तुमालाच माहीत हाय, दुसरीकडं कुठं जाऊ?" पण सकाळचा हॉर्न बंद झाला. हातही नाही. गाडी सरळ निघून जाते आणि मी शटर वर करत राहतो.

परवा मात्र गाडी थांबली. सिस्टर उतरल्या नाहीत. काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. मीटरवर बरोबर एक लाख होते. त्यांनी पर्समधून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढली, बोटभर तुकडा फाडून मीटरच्या काचेवर लावला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"लिहा," म्हणाल्या.

मी वाकून लिहिलं, 'अधिक २ लाख'. अक्षर वाकडं आलं. त्यांनी वाचून बघितलं, पर्स मिटली. तो मळका कागद अजून आतच होता.

मीटर हे विकणाऱ्याचं नसतं आणि घेणाऱ्याच्या भावाचंही नसतं. ते पुढच्या दुरुस्तीसाठी असतं. एवढी साधी गोष्ट शिकायला मला तीस वर्षं आणि एका म्हाताऱ्याच्या कपाळाचे तीन टाके लागले. आता कुणी एजंट स्टुलावर बसून आवाज खाली केला की मी म्हणतो, "सांग. सगळं सांग." बरेचसे उठून जातात.

बाळूही हल्ली येत नाही.